उबदार फरशी, गरम टॉवेल : न्हाणीघरातला उष्णतेचा पाठ

हिवाळ्यात सकाळी न्हाणीघराच्या फरशीवर पाय ठेवला की अंगावर काटा येतो. बाजूच्या पायपुसण्यावर मात्र बरं वाटतं. खरं तर दोन्हींचं तापमान सारखंच असतं. फरशी पायातली उष्णता पटकन ओढून घेते, कापड हळूहळू घेतं. सातवीच्या विज्ञानातलं 'वहन' ते हेच.

इंग्लंड, जर्मनीसारख्या थंड देशांत यावर उपाय म्हणून फरशीच तापवतात. कल्पना जुनी आहे. रोमन लोक स्नानगृहाची जमीन बुटक्या खांबांवर उचलून घेत आणि खालून भट्टीची गरम हवा खेळवत. कोरियातली 'ओंडोल' पद्धतही अशीच.

दोन प्रकार

पहिल्या प्रकारात फरशीखालच्या नळ्यांतून साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअसचं पाणी फिरवतात. दुसऱ्यात विजेची तार बसवलेली जाळी अंथरतात. जुन्या घरातल्या लहान न्हाणीघराला बहुधा जाळीच सोयीची पडते, कारण तिची जाडी कमी असते.

गणित आधी

समजा न्हाणीघर २.५ × २ मीटर, म्हणजे ५ चौ.मी. आहे. टब (१.७ × ०.७) सुमारे १.२ चौ.मी. आणि कमोड, कपाट वगैरे ०.८ चौ.मी. जागा घेतात. त्यांच्याखाली जाळी घालायची नसते, कारण तिथे उष्णता कोंडते. उरले ३ चौ.मी.

जाळी १५० वॅट प्रति चौ.मी.ची घेतली, तर ३ × १५० = ४५० वॅट. दोन तास सलग चालली तर ०.९ युनिट वीज.

आता खोलीला ऊब टिकवायला ६०० वॅट लागत असतील, तर १५० वॅट कमी पडतात. ती तूट टॉवेल वाळवायच्या गरम दांड्याने भरून काढायची. म्हणूनच दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. दांड्यावर टॉवेल टाकला की खोलीत येणारी उष्णता घटते, त्यामुळे तो हिशेबापेक्षा थोडा मोठाच घ्यायचा. चकचकीत क्रोमचा दांडा पांढऱ्या रंगाच्या दांड्यापेक्षा कमी उष्णता देतो, कारण चकचकीत पृष्ठभागातून प्रारण कमी होतं. थर्मासच्या आतली बाजू चकचकीत असते, तीही याच कारणाने!

थर कसे लावायचे

सर्वांत खाली उष्णतारोधक पत्रे, नाहीतर निम्मी ऊब खालचं काँक्रीटच तापवत बसेल. त्यावर जाळी, मग लवचिक चिकटवणी आणि वर टाइल. तापमान मोजणारा संवेदक तारेच्या दोन वेढ्यांच्या मधे, एका नळीत सरकवून ठेवतात. तो बिघडला तर फरशी न फोडता बदलता येतो.

जाळीचं कापड कापून वळवता येतं, पण गरम होणारी तार कधीही कापायची नाही. तारेचा रोध तीनदा मोजतात : अंथरण्याआधी, अंथरल्यावर आणि टाइल बसवल्यावर. आकडा बदलला तर तार दुखावली, हे लगेच कळतं. चिकटवणी पूर्ण वाळल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

सुरक्षितता : इथे तडजोड नाही

ओलं अंग आणि वीज एकत्र म्हणजे जिवाशी गाठ. त्यामुळे ३० मिलीअँपिअर गळतीला तुटणारा सुरक्षा स्विच आणि अर्थिंग हवंच. थर्मोस्टॅट ओल्या जागेपासून दूर, शक्यतो खोलीबाहेर. ब्रिटनच्या नियमांनुसार टब किंवा शॉवरच्या हद्दीपासून २.५ मीटरच्या आत साधा सॉकेट बसवता येत नाही. घरात लहान मुलं असतील तर विजेच्या दांड्याची सर्वांत खालची गरम नळी जमिनीपासून किमान ६० सेंमी वर ठेवतात. रांगणाऱ्या बाळाचा हात तिथे पोहोचू नये हा उद्देश.

आपल्याकडे अशी फरशी क्वचितच दिसते, पण गिझर घरोघरी आहे. अर्थिंग आणि गळती स्विचचा नियम त्यालाही तसाच लागू. पालकांनी इलेक्ट्रिशियनकडून हे दोन्ही एकदा तपासून घ्यावं.

वर्गात विचारा

१. फरशी तापली की खोलीतली हवा कशी गरम होते? वहन, अभिसरण, प्रारण कुठे कुठे घडतं?
२. ४ चौ.मी. मोकळी जागा असेल तर किती वॅट लागतील? तीन तासांत किती युनिट?
३. टबाखाली जाळी का घालत नाहीत?

मुलांना घरच्या न्हाणीघराचा नकाशा मोजून काढायला सांगा. क्षेत्रफळाचा धडा आपोआप होतो.