मांजराच्या अंगावर औषध, पिसवा मात्र घरात



आपल्या वसई-विरारच्या वाड्यांत आणि कोळीवाड्यांत मांजर नाही असं घर शोधूनच काढावं लागेल. अर्नाळा, पाचूबंदरकडे जाळी आणि सुकी मासळी उंदरांपासून राखायला मांजर. भुईगाव, निर्मळ, आगाशीकडे घर नि वाडी राखायला मांजर. कामण, पारोळकडे भाताच्या गोण्यांना उंदीर लागू नये म्हणून मांजर. अधूनमधून दोन बोंबील तीच पळवते, पण तेवढं आपण चालवून घेतो.

अशा या घरच्या मांजराला पिसवा, गोचीड आणि जंत यांपासून कसं जपायचं, ते आजच्या भागात बोलू. हा प्रश्न फक्त मांजराचा नाही. त्याच पिसवा आपल्या पोरांच्या घोट्यांना चावतात, आणि मांजराच्या पोटातले काही जंत माणसालाही त्रास देतात. दुसरी गोष्ट अशी की, औषध म्हणून आपण जे हाताशी असेल ते लावतो आणि त्यात चांगलं धडधाकट मांजर दगावतं. ते आपल्याला थांबवायचं आहे.

आधी थोडं मागचं सांगू. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. पुढच्या वर्षी, १० मार्च १८९७ ला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना आपल्या सावित्रीबाई फुले गेल्या. तेव्हा हा रोग पसरतो कसा, हेच कळलेलं नव्हतं. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिलं की उंदरावरची पिसू हा रोग पसरवते. पुढे अमरावतीला असलेले इंग्रज डॉक्टर ब्युकॅनन यांनी १९०८ साली लिहिलं की ज्या घरात मांजर असतं तिथे उंदीर टिकत नाहीत, म्हणून प्लेगपासून वाचायला मांजरं पाळा. म्हणजे मांजर ही घराची राखण आहे, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतंच, डॉक्टरांनीही ते मांडलं. मांजरावर सहसा दिसणारी पिसू ही उंदरावरच्या पिसवेपेक्षा वेगळी असते, तेव्हा घाबरू नका. पण राखणदाराची काळजी आपणच घ्यायची.

आता पिसवेची रीत समजून घेऊ. ती कळली की अर्धं काम झालं.

मांजराच्या अंगावर पिसू चढली की ती रक्त पिते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ही अंडी केसांना चिकटून राहत नाहीत. मांजर जिथे बसेल, झोपेल, अंग झटकेल, तिथे ती मिठाच्या कणांसारखी खाली सांडतात. गोधडीत, गोणपाटावर, खाटेखाली, लादीच्या फटीत, पेंढ्यात. त्यातून अळी निघते. ती उजेडापासून पळते, फटीत शिरते, कोष करते. कोषातून नवी पिसू बाहेर येते आणि पुन्हा मांजरावर उडी मारते. उबदार, दमट हवेत हे सगळं चक्र तीन-चार आठवड्यांत पुरं होतं. आपली हवा तर समुद्रकाठची, बाराही महिने दमट. पावसाळ्यात तर विचारूच नका.

जाणकार सांगतात की घरात जेवढ्या पिसवा असतात, त्यांतल्या शंभरात जेमतेम पाच मांजराच्या अंगावर दिसतात. बाकीच्या पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोष होऊन घरात पडलेल्या असतात. म्हणून नुसतं मांजराला औषध लावून भागत नाही. आज अंगावरच्या मेल्या, पंधरा दिवसांनी घरातल्या चढल्या. मग आपण म्हणतो, औषधच खोटं!

कोषातली पिसू महिनोन्‌महिने थांबूनही राहते. बंद असलेलं घर गणपतीला उघडलं की पायांवर पिसवा उड्या मारतात, हे अनेकींनी पाहिलं असेल. माणसाच्या पावलांची थरथर आणि ऊब लागली की त्या कोषातून बाहेर पडतात.

पिसवा आहेत का, हे ओळखायची सोपी खूण सांगतो. उवांची बारीक फणी घ्या. ती मांजरासाठी वेगळीच ठेवा. मानेवरून, पाठीवरून, शेपटीच्या मुळाशी फिरवा. फणीत काळे बारीक कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा कापसावर टाका. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. डाग नाही आला तर साधी माती. फणीत सापडलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा, नखावर चिरडू नका.

लहान पिल्लांकडे जास्त लक्ष द्या. अर्धा किलोच्या पिल्लावर पुष्कळ पिसवा असल्या तर त्या इतकं रक्त पितात की पिल्लू त्यानेच मरू शकतं. ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असल्या तर ठीक. पांढऱ्या फटक दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता जंतांकडे वळू. मांजराच्या शेपटीखाली किंवा त्याच्या बसायच्या जागेवर तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसतं. कधी ते वळवळतं, सुकलं की पिवळट होतं. हे पट्टीसारख्या लांब जंताचे तुकडे असतात. हा जंत मांजराला मिळतो तो पिसवेकडून. पिसवेची अळी जंताची अंडी खाते. तीच पुढे पिसू होते. मांजर अंग चाटताना ती गिळतं, आणि पोटात जंत तयार. म्हणून जंताची गोळी दिली आणि पिसवा तशाच ठेवल्या, तर महिनाभरात तांदळाचे दाणे पुन्हा दिसतात. रांगणाऱ्या मुलाने चुकून पिसू गिळली तर त्यालाही हा जंत होऊ शकतो.

दुसरा गोल, शेवयांसारखा जंत. पिल्लांना तो आईच्या दुधातूनच मिळतो. पोट नगाऱ्यासारखं, अंग मात्र काटकुळं, केस राठ, कधी उलटीत जंत पडतो. मोठ्या मांजराला तो उंदीर खाऊनही लागतो. तिसरा आकड्यासारखा जंत. तो आतड्याला चिकटून रक्त पितो.

गोल जंताची अंडी मांजराच्या विष्ठेतून मातीत जातात आणि तिथे फार काळ टिकतात. मातीत खेळून तसंच तोंडात हात घालणाऱ्या मुलांच्या पोटात ती गेली तर अळ्या अंगात फिरतात, क्वचित डोळ्यालाही इजा करतात. आकडेवाल्या जंताच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि तिथे नागमोडी, खाजरी रेघ उठते. आपल्या वाडीतले भाजीचे भुसभुशीत वाफे ही मांजराची आवडती जागा. म्हणून वाफ्यावर काट्याच्या फांद्या किंवा जुनी जाळी पसरा. वाडीत काम करताना पायात चप्पल असू द्या, हात साबणाने धुवा, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढा.

मांजरासाठी घमेल्यात वाळू ठेवली तर घाण रोज काढा आणि विहिरीपासून लांब, खोल पुरा. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्या कुणी करावं. मांजराच्या विष्ठेतून होणारा टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक संसर्ग पोटातल्या बाळाला बाधतो. त्याचे जंतू विष्ठा पडल्यावर निदान एक दिवस गेल्याशिवाय लागण करत नाहीत, म्हणून रोजच्या रोज सफाई महत्त्वाची. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

गोचीड मांजराला कमी लागतात, कारण ते सारखं अंग चाटतं. पण गोठ्याशेजारी किंवा कुत्र्यासोबत राहणाऱ्या मांजराच्या कानांत, मानेवर, बोटांच्या बेचक्यात सापडतात. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. रॉकेल, चुना, पेटती काडी काही नको. काढलेली गोचीड साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका. गाईम्हशींच्या गोचिडी बोटांनी चिरडायची सवय आपल्याकडे आहे, ती सोडा. २०२० च्या सप्टेंबरात गुजरातेत काँगो तापाचे रुग्ण सापडल्यावर आपल्या पालघर जिल्हा प्रशासनाने पशुपालनाशी संबंधितांना सावध केलं होतं. तो ताप जनावरांवरच्या गोचिडांतून पसरतो, आणि उघड्या हाताने गोचीड चिरडण्यात धोका असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते नीट ऐका.

गोठ्यात गोचिडांसाठी पाण्यात कालवून फवारायचं औषध असतं. ते मांजराला लावायचं नाही. कुत्र्याचं औषधही मांजराला नाही. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ ही नावं बाटलीवर दिसली तर ती बाटली मांजरापासून दूर. गाय, कुत्रा जे पचवतात ते मांजराचं यकृत पचवू शकत नाही. शिवाय मांजर अंग चाटतं, म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं. फिनेल, रॉकेल, डांबरगोळ्या, कापूर, तंबाखूचं पाणी यांचंही तेच. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेते.

चुकून काही लागलं आणि मांजराच्या तोंडातून लाळ गळू लागली, ते लटपटू लागलं, तर कोमट पाणी आणि भांड्याचा साबण घेऊन अंग धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि लगेच डॉक्टरकडे न्या. झटके येत असतील तर धुण्यात वेळ न घालवता तडक निघा. दूध पाजू नका, उलटी करवू नका.

मग योग्य औषध कोणतं? मांजरासाठी म्हणून मिळणारे मानेवर टाकायचे थेंब. त्यात फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असतं. डोक्यामागे, जिथे जीभ पोचत नाही, तिथे केस बाजूला करून कातडीवर टाकायचे. फिप्रोनिल हे नाव भाताच्या फवारणीच्या डब्यावरही दिसेल. नाव एक असलं तरी शेतातलं औषध मांजराला चालत नाही. अगदी लहान पिल्लांना थेंबही नको, फणीच फिरवा आणि डॉक्टरांना विचारा.

जंतांची गोळी वजनावर ठरते. आधी आपण काट्यावर उभं राहायचं, मग मांजर कडेवर घेऊन. फरक तेच मांजराचं वजन. पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी औषध सुरू करतात, मोठ्या मांजराला दर तीन महिन्यांनी. पिल्लांच्या आईलाही त्याच वेळी द्यायचं. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, म्हणजे १० फेब्रुवारीला, अंगणवाडी-शाळेत मुलांना मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुलांचीच आहे. ती मुलांना जरूर द्या, मांजराला नाही. मासळीची आतडी कच्ची टाकण्यापेक्षा उकडून घाला.

आणि घर? मांजराला झोपायला एकच जागा ठरवून द्या. तिथलं गोणपाट, गोधडी आठवड्यातून एकदा कडक पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. ऊन आणि कोरडेपणा अंडी-अळ्यांना सोसत नाही. खाटेखाली, कोपऱ्यात, फटीत रोज झाडू मारा, केर साबणाच्या पाण्यात टाका. फटी बुजवा. हे निदान तीन महिने चालू ठेवा, कारण कोषातल्या पिसवा उशिरा बाहेर येतात. मध्येच दोन-चार दिसल्या तरी सोडून देऊ नका.

शेवटी गटासाठी एक सूचना. शेजारच्या मांजरावर पिसवा असतील तर आपली मेहनत वाया जाते. म्हणून आपल्या आळीतली मांजरं मोजा आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात औषध द्या. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गटाने मिळून गेलं तर डॉक्टरांनाही समजावून सांगायला सोपं जातं. दुखणं जास्त असेल तर मुंबईला परळचं हॉस्पिटल आहे, ज्याला जुने लोक बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. तिथे मांजरंही बघतात.

तेव्हा मैत्रिणींनो, तीन कामं एकाच वेळी करायची: मांजराला थेंब, पोटाला जंताची गोळी आणि घराला झाडू नि ऊन. यातलं एक जरी राहिलं तरी बाकीची दोन फुकट जातात. आपले प्रश्न गटाच्या वहीत लिहून ठेवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. नमस्कार!