खिडकीआडची आज्ञा

संगणकाच्या पडद्यावरील एक कळ आपण दाबतो आणि थोड्याच वेळात नवा प्रोग्रॅम हजर होतो. हे सारे त्या कळीचेच कर्तृत्व, असा पुष्कळांचा समज असतो, आमचाही होता. वस्तुतः ती खिडकी म्हणजे केवळ निरोप्या होय. काम करणारा निराळाच असतो.

लिनक्सच्या ‘आर्च’ या प्रणालीचे उदाहरण घेऊ. ती २००२ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यात पॅकेजे आणण्याचे व काढण्याचे काम ‘पॅकमन’ हा प्रोग्रॅम करतो. त्याचे नाव, पुढे आडवी रेघ व कॅपिटल ‘एस’, आणि मग पॅकेजाचे नाव, एवढे टंकले की आज्ञा पुरी झाली. ज्यांना टंकणे नको, त्यांच्यासाठी ‘ऑक्टोपी’सारख्या खिडक्या आहेत.

आता, खिडकी रचणाऱ्याने ही आज्ञा प्रोग्रॅमच्या पोटातच कायमची कोरून ठेवली तर? घरच्या गड्याला अमुक एका वाण्याचेच दुकान दाखवून ठेवावे आणि त्या वाण्याने दुकान मोडावे, तसे होईल. गडी रिकामी पिशवी घेऊन बंद दारापाशी उभा राहील! हे केवळ कल्पनेतले नव्हे. आर्चचे वापरकर्ते ‘एयूआर’ नावाचा एक साठा चालवितात. त्यात तयार पॅकेजे नसून ती बनविण्याच्या कृती असतात. पॅकमन त्या साठ्याकडे फिरकत नाही. त्यासाठी एके काळी ‘यौर्ट’ हे साधन लोकप्रिय होते. पुढे त्याची देखभाल थांबली व ‘याय’, ‘पारू’ ही साधने आली. ऑक्टोपीत यांपैकी कोणते वापरावयाचे ते आपणास ठरविता येते, म्हणून एका साधनाबरोबर खिडकी निकामी होत नाही.

युक्ती साधी आहे. आज्ञा वेगळ्या फाइलीत लिहावयाची आणि पॅकेजाच्या नावापुरती जागा मोकळी ठेवावयाची. परंतु नुसते नाव बदलून भागत नाही. पॅकेज बसविताना पॅकमनला प्रशासकाचा अधिकार लागतो. उलट एयूआरमधील कृतीवरून पॅकेज बांधणारा ‘मेकपीकेजी’ त्या अधिकाराने चालावयास साफ नकार देतो. तेव्हा कोणती आज्ञा कोणाच्या अधिकाराने चालवावी, हेही लिहून ठेवणे अवश्य आहे.

खरी जोखीम पुढेच आहे. मोकळ्या जागी भरलेल्या मजकुरात कोणी अर्धविराम घालून पुढे दुसरी आज्ञा लिहिली आणि खिडकीने ते सारे एकच वाक्य समजून ‘शेल’च्या हवाली केले, तर शेल दोन्ही आज्ञा निमूटपणे पाळतो. म्हणून प्रत्येक शब्द सुटा करून थेट साधनाच्या हाती द्यावा. शिवाय प्रशासकाच्या अधिकाराने चालणाऱ्या आज्ञा ज्या फाइलीत असतील, तिच्यात लिहिण्याचा हक्क प्रशासकाखेरीज कोणासही नसावा. एरवी कोणीही पॅकमनचे नाव खोडून तेथे आपल्या मनातले नाव लिहून जाईल, आणि पडद्यावरची कळ मात्र कालच्यासारखीच दिसत राहील.