बाकीचे दोघे

द्रासच्या युद्धस्मारकात पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. समोर तोलोलिंग. सुमारे पंधरा हजार फूट उंचीचा तो बोडका डोंगर श्रीनगर-लेह रस्त्याच्या अगदी उशाशी आहे. खालून जाणारी प्रत्येक गाडी वर बसलेल्या माणसाला स्पष्ट दिसावी. १९९९ मध्ये घुसखोरांनी हीच जागा का धरली, हे समजायला नकाशा लागत नाही.

एक जवान पर्यटकांना लढाईची हकीकत सांगत होता. २८ मे रोजी हवाई दलाचे एक हेलिकॉप्टर या डोंगरावर मारा करून वळत असताना पडले, त्यात चौघे गेले, असे तो म्हणाला. सहावीत शिकणाऱ्या माझ्या नातीने हळूच विचारले, "आजोबा, हेलिकॉप्टर तर दोघे चालवतात ना? मग बाकीचे दोघे कोण?"

मी गप्प राहिलो. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. मे महिन्याची सुट्टी, हातात चहा. 'चौघे गेले' म्हणून हळहळलो आणि पान उलटले. जन्मभर वर्गात हजेरी घेणाऱ्या मास्तराने चार नावे काही लक्षात ठेवली नाहीत!

ती मुक्कामी परतल्यावर शोधली. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट राज किशोर साहू. उत्तर प्रदेशातील सरसावा तळावरच्या १५२ हेलिकॉप्टर युनिटचे हे जवान. पहिले दोघे वैमानिक. नातीचे 'बाकीचे दोघे' म्हणजे हे सार्जंट. एमआय-१७ हेलिकॉप्टरमध्ये वैमानिकांच्या जोडीला फ्लाइट इंजिनिअर आणि गनर असतात. एकाने यंत्राची नाडी पाहायची, दुसऱ्याने बंदूक सांभाळायची. हेलिकॉप्टर वळवणे यांच्या हातात नसते. पुढे बसलेल्यांवर विश्वास टाकून ही माणसे आगीत शिरतात.

हवाई दलाची मोहीम सुरू होऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते. २७ मे रोजी दोन लढाऊ विमाने गमावली होती. तरी दुसऱ्या दिवशी 'नुब्रा' या नावाने हेलिकॉप्टरांची तुकडी तोलोलिंगवर गेली. विरळ हवेत यंत्राची ताकद घटते, वेग बेताचा, आणि शत्रू डोंगरात दडलेला. मारा यशस्वी झाला. माघारी वळताना मात्र खांद्यावरून डागलेले स्टिंगर क्षेपणास्त्र आदळले. इंजिनाच्या उष्णतेचा माग काढणाऱ्या अशा अस्त्राला चकवण्यासाठी जळते फ्लेअर सोडतात. या हेलिकॉप्टरवर ती सोय नव्हती, असे जाणकारांनी पुढे लिहिले.

त्यानंतर एमआय-१७ हेलिकॉप्टरांना माऱ्याच्या कामावरून दूर केले गेले. म्हणजे चौघांच्या जिवाची किंमत मोजून मिळालेल्या धड्याने पुढे कित्येकांचे प्राण वाचले असतील. तोलोलिंग १३ जूनला आपल्या जवानांनी परत घेतला. या चौघांनाही मरणोत्तर वायुसेना पदक (शौर्य) मिळाले. पुढे बसणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला एकच पदक. हे मला फार मोलाचे वाटते. आपण मात्र कौतुक करताना बहुधा पुढच्या खिडकीपाशीच थांबतो.

शहिदांचा सन्मान म्हणजे पुष्पचक्र, बिगूल, भाषणे. ते सारे हवेच. पण आकड्यामागचा माणूस नावानिशी ठाऊक असणे, ही त्याची पहिली पायरी. ती चढायला मला पाव शतकाहून अधिक काळ लागला.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. नातीने वहीत चारही नावे उतरवून घेतली होती. प्रसादांच्या नावातली आद्याक्षरे तिला काही केल्या जमेनात. दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा सावकाश, एकेक अक्षर सुटे करून म्हणाली. तोलोलिंग मागे पडेपर्यंत तिची हजेरी चालू होती.