ग्रॅम्बलिंगचे कोच रॉब

1941 साली एडी रॉबिन्सन लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात पशुखाद्याच्या गिरणीत मजुरी करत होते. तासाला 25 सेंट मिळत. बाप शेतात वाट्याने राबणारा, आई लोकांच्या घरी कामाला. मुलाने मात्र कॉलेज पुरं केलं होतं, तिथे फुटबॉलही गाजवला होता. कोच व्हायचं हे त्याच्या मनाने लहानपणीच घेतलं होतं. पण अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या पदवीधराला कोचची नोकरी द्यायची तर ती काळ्यांच्याच शाळा-कॉलेजांनी, आणि अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. बायकोच्या नात्यातून कळलं, की राज्याच्या उत्तरेकडच्या ग्रॅम्बलिंग नावाच्या गावी एका कॉलेजला कोच हवा आहे. रॉबिन्सन गेले, नोकरी मिळाली. वय 22, पगार महिना 63 डॉलर 75 सेंट. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी दुसरी नोकरी केली नाही.

कॉलेजचं तेव्हाचं नाव ‘लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट’. आपल्या पोरांना शिकवायला कुणीतरी हवं, म्हणून आसपासच्या काळ्या शेतकऱ्यांनी खटपट करून 1901 मध्ये ही शाळा उभी केली होती. नावाचा एक किस्सा सांगतात: मैदानाकडेला उभे राहून पोरं कॉलेजच्या नावाने आरोळी ठोकायला लागत आणि नाव संपायच्या आत समोरचा संघ गुण मिळवून मोकळा होई. 1946 साली नाव नुसतं ‘ग्रॅम्बलिंग’ झालं.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अकरा-अकरा जणांचे संघ, 100 यार्डांचं मैदान आणि हातात धरून पळवायचा किंवा फेकायचा लांबट चेंडू. चार प्रयत्नांत किमान 10 यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याच्या ताब्यात. प्रत्येक प्रयत्नाची चाल आधी ठरलेली असते आणि अकरा जणांनी ती एका दमात पार पाडायची असते. म्हणून या खेळात कोचचं वजन फार. आज अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सरकारी नोकरांत सर्वांत जास्त पगार घेणारा माणूस राज्यपाल नसतो, तिथल्या विद्यापीठाचा फुटबॉल कोच असतो.

रॉबिन्सन यांच्या वाट्याला आलेली कोचगिरी वेगळी होती. मैदानावरचं गवत तेच कापत, चुन्याच्या रेघाही तेच मारत. सामन्याआधी पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधत, सामना संपला की वर्तमानपत्रांसाठी वृत्तांतही स्वतःच लिहीत. मुलींच्या बास्केटबॉलचे कोचही तेच. बाहेरगावचा सामना असला की वाटेतल्या हॉटेलांत काळ्यांना बसू देत नसत, म्हणून पोरांसाठी सँडविचेस करून सोबत घ्यायची. पहिल्या वर्षी तीन सामने जिंकले, पाच हरले. पुढच्या वर्षी नऊपैकी नऊ जिंकले, आणि त्या नऊ सामन्यांत समोरच्या कुणाला एक गुणही मिळू दिला नाही.

मग महायुद्धामुळे कॉलेजचा संघ दोन वर्षं बंद पडला आणि रॉबिन्सन गावातल्या हायस्कूलचा संघ बघू लागले. ऐन हंगामात दोन चांगल्या खेळाडूंना बापाने कापूस वेचायला शेतात ठेवून घेतलं. रॉबिन्सन बापाशी वाद घालत बसले नाहीत. उरलेला संघ घेऊन शेतात गेले आणि सगळ्यांनी मिळून कापूस वेचून दिला. पोरं परत आली, आणि त्या संघाने अजिंक्यपदही मिळवलं.

ही त्यांची कायमची रीत. पोरगं मैदानावर उतरण्याआधी त्याच्या वाटेत जे जे आडवं येईल, ते दूर करणं त्यांना कोचच्या कामातच धरलेलं वाटे. वसतिगृहाच्या बोळातून गुरांच्या गळ्यात बांधतात तसली घंटा वाजवत ते सकाळी फिरत. सगळ्यांना उठवून न्याहारीला आणि वर्गात पाठवत. प्रवासात कोट आणि टाय सक्तीचे. टेबलावर काटा-चमचा कसा धरायचा, पत्रकारांशी कसं बोलायचं, हेही शिकवायचं. सरावात एखादी चाल जमली नाही तर ती पुन्हा, आणि जमली तरी पुन्हा. स्वतःचं शिकणंही थांबलं नव्हतं. नोकरी सांभाळून 1954 मध्ये त्यांनी आयोवा विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतली.

खेळाडू इतके गुणी कुठून येत, याचं उत्तर मात्र कडवट आहे. दक्षिणेतल्या बड्या गोऱ्या विद्यापीठांचे संघ काळ्या पोरांना घेतच नव्हते. लुइझियानातला कितीही वेगवान, कितीही दणकट मुलगा असो, त्याच्यासमोर ग्रॅम्बलिंगसारखी मोजकीच कॉलेजं होती. वर्णभेदाने अडवलेलं हे पाणी रॉबिन्सन यांच्या शेतात येत होतं, आणि बांध फुटावा म्हणून झटणाऱ्यांत तेच पुढे होते.

पहिला धक्का 1949 चा. त्यांचा खेळाडू पॉल ‘टँक’ यंगर लॉस अँजेलिसच्या रॅम्स संघात दाखल झाला. काळ्यांच्या कॉलेजातून थेट नॅशनल फुटबॉल लीगमध्ये करारबद्ध झालेला तो पहिलाच. तू टिकला नाहीस तर पुढच्यांना नाकारायला त्यांना आयतं कारण मिळेल, हे रॉबिन्सन यांनी त्याला बजावलं होतं. यंगर टिकला. 1963 साली बक बुकॅननला अमेरिकन फुटबॉल लीगच्या निवडीत पहिला क्रमांक मिळाला. रॉबिन्सन यांचे 200 हून अधिक खेळाडू पुढे व्यावसायिक संघांत पोहोचले.

तरी एक जागा बंदच होती. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हाती घेऊन क्षणात निर्णय करणारा, संघाचा मेंदू. काळा खेळाडू धावेल, धडक देईल, पण डोकं चालवणार नाही, असं गोरे मालक आणि कोच उघड-उघड धरून चालत. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या काळ्या मुलाला व्यावसायिक संघात सर्रास दुसऱ्या जागी खेळवत. काळा क्वार्टरबॅक कधी देणार, असं हॉवर्ड कोसेल या गाजलेल्या क्रीडा समालोचकाने रॉबिन्सन यांना छेडलं होतं. त्यांनी जेम्स हॅरिस या मुलाला हाताशी धरलं आणि चार वर्षं त्याच एका जागेसाठी घडवलं. कुणी जागा बदल म्हणालं तर ऐकू नकोस, ही ताकीदही दिली. 1969 मध्ये हॅरिसने बफेलोच्या व्यावसायिक संघाकडून हंगामाचा पहिला सामना क्वार्टरबॅक म्हणून सुरू केला; असं करणारा तो पहिला काळा खेळाडू. त्याच्या मागोमाग ग्रॅम्बलिंगचाच डग विल्यम्स आला. 31 जानेवारी 1988 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, वॉशिंग्टनने डेन्व्हरला 42–10 असं लोळवलं. विल्यम्सने एकट्या दुसऱ्या सत्रात चार टचडाउन पास दिले आणि तोच सामन्याचा मानकरी ठरला. काळ्यांना डोकं नसतं, या वादाचा निकाल देशभरच्या टीव्हीवर लागला.

त्याआधीच, ऑक्टोबर 1985 मध्ये, रॉबिन्सन यांनी अलाबामा विद्यापीठाचे कोच बेअर ब्रायंट यांचा 323 विजयांचा विक्रम मागे टाकला होता. पण तोवर वारा फिरला होता. सत्तरच्या दशकापासून दक्षिणेतली मोठी विद्यापीठं काळ्या खेळाडूंसाठी खुली झाली. त्यांच्याकडे पैसा होता, भलीमोठी स्टेडियम होती, टीव्ही होता. जो मुलगा पूर्वी ग्रॅम्बलिंगला आला असता, तो आता तिकडे जाऊ लागला. 1960 ते 1986 सलग 27 हंगाम सरस ठरलेला संघ नव्वदच्या दशकात ढासळला. 1996 अखेर कॉलेजने त्यांना पायउतार व्हायला सांगितलं, तेव्हा माजी विद्यार्थी आणि खुद्द राज्यपाल मध्ये पडले आणि निरोपाचा एक हंगाम मिळाला. तोही पराभवांचाच गेला. शेवटचा हिशोब: 408 विजय, 165 पराभव, 15 बरोबरी. गादीवर आला तो डग विल्यम्स. कोच रॉब 2007 साली गेले.

पुढे एकूण विजयांत इतरांनी त्यांना मागे टाकलं. विक्रम मोडायलाच असतात. त्यांच्या कामाचं माप घ्यायचं तर फेब्रुवारी 2023 चा सुपर बोल बघावा. इतिहासात पहिल्यांदाच दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक काळे होते, पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्स. दोघांपैकी एकही काळ्यांच्या कॉलेजातून आलेला नव्हता. हर्ट्स तर ब्रायंट यांच्या अलाबामाचा; 1971 पर्यंत ज्या संघातून एकही काळा खेळाडू मैदानावर उतरला नव्हता, तिथला. असे खेळाडू ग्रॅम्बलिंगला येईनासे झाले आणि रॉबिन्सन यांचे शेवटचे हंगाम त्यामुळेच हातचे गेले. पण आपल्या पोरांना कुठेही जाता यावं, यासाठीच त्यांनी जन्मभर खटाटोप केला होता. तो पुरा झाला आणि त्याची किंमत त्यांच्याच संघाने मोजली.