पहिल्या खेपेची मोटार : घ्यावी की थांबावे?



विजेवरच्या मोटारी आता आपल्या रस्त्यांवरही दिसू लागल्या आहेत. नवी गाडी बाजारात येण्याआधीच नोंदणीचे पैसे मागितले जातात. मग पहिल्या खेपेतली गाडी घ्यावी काय? अमेरिकेत २०१२ साली पैसेवाल्यांपुढे हाच प्रश्न होता. त्यांचे काय झाले ते पाहू.

फिस्कर कंपनीची ‘कर्मा’ ही गाडी दिसायला देखणी. बॅटरी संपली की वीज तयार करायला जोडीला पेट्रोलचे इंजिन. किंमत लाख डॉलरच्या वर. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने तपासणीसाठी पदरचे पैसे मोजून एक गाडी घेतली. मार्च २०१२ मध्ये ती २०० मैल व्हायच्या आतच बंद पडली! बॅटरी पुरवणारी कंपनी त्याच वर्षी ऑक्टोबरात दिवाळखोरीत गेली, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये खुद्द फिस्करही.

दुसरी गाडी टेस्लाची मॉडेल एस. जून २०१२ मध्ये पहिल्या गाड्या ग्राहकांच्या हाती पडल्या. सुरुवातीच्या हजार खास गाड्यांसाठी नोंदणीचेच ४०,००० डॉलर! मोठ्या बॅटरीत आपल्या वीजबिलातली ८५ युनिटे मावत. तेवढ्यावर सरकारी चाचणीत २६५ मैल, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर. पण हिच्याही सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांच्या मोटरमधून आवाज येऊ लागला आणि ती बदलावी लागली. कंपनी टिकून होती, म्हणून ऑगस्ट २०१४ मध्ये तिने मोटरची हमी जुन्या गाड्यांनाही धरून आठ वर्षे केली. दोनच महिन्यांनी चारही चाके ओढणारे नवे मॉडेल जाहीर झाले. आधी घेणारे बघत राहिले.

नव्या साखर कारखान्याचा चाचणी हंगाम आठवा. मिल थांबते, उतारा कमी पडतो, तरी सभासद धीर धरतो. कारण कारखाना त्याचा असतो. पहिल्या खेपेच्या ग्राहकाला चाचणी हंगामाचा त्रास सभासदासारखाच सोसावा लागतो. पण त्याच्याकडे ना शेअर, ना मत, ना वार्षिक सभेत उठून जाब विचारायचा हक्क. कंपनी बुडालीच, तर तारण घेतलेले सावकार पुढे आणि हा मागे.

तेव्हा उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे नको. चार गोष्टी आधी विचारा. नोंदणीची रक्कम परत मिळेल, असे लेखी आहे काय? बॅटरी आणि मोटर यांची हमी वेगवेगळी किती वर्षांची? दुरुस्ती कुठे होणार, जिल्ह्यात की मुंबईला? आणि कंपनीचा ताळेबंद काय सांगतो?

उत्तरे पटली तर खुशाल घ्या. नाहीतर दोन हंगाम थांबा. नव्या वाणाचे बेणे आपण आधी चार गुंठ्यांत लावून पाहतो, सगळे रान त्याखाली घालत नाही. मोटारीला चार गुंठे नसतात, म्हणून शेजाऱ्याचे रान बघून ठरवावे हे बरे!