हातावरचे मस आणि हातातला धंदा

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे अब्बा मटणाच्या दुकानात काम करतात. त्यांच्या हातावर बरेच मस, म्हणजे चामखिळी आहेत. "जनावरांचा रोग आहे" असं कुणीतरी म्हणालं आणि मुलांनी त्याच्यासोबत डबा खाणं सोडलं. म्हणून हा विषय.

चामखीळ एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होते आणि हा विषाणू माणसांचाच आहे, बकऱ्याचा नाही. त्याचा ७ क्रमांकाचा प्रकार मांस, कोंबडी, मासे हाताळणाऱ्यांच्या हातांवर जास्त आढळतो. दिवसभर हात ओले आणि गार, त्यात सुरीचे अन् हाडांचे बारीक काप. कातडी नरम पडली की विषाणूला आत शिरायला वाट मिळते. मटण खाल्ल्याने चामखीळ होत नाही.

जनावराकडून येणारा आजार वेगळा. शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडावर फोड येतात, त्याला आपल्याकडे मावा म्हणतात. त्याचा विषाणू जखमेतून माणसाच्या बोटात शिरतो. मेंढपाळांना तो होतोच, पण बकरी ईदनंतर घरी कुर्बानी करणाऱ्यांनाही झाल्याच्या नोंदी तुर्कस्तानसारख्या देशांत आहेत. काही दिवसांनी बोटावर लालसर गाठ येते, मग फोड. बघणाऱ्याला वाटतं पू झालाय, चिरा द्या. तसं करू नये. हा फोड साधारण ६ ते ८ आठवड्यांत आपोआप बसतो, अँटिबायोटिकचा विषाणूवर काही उपयोग नाही. मात्र न दुखणारी काळी खपली आणि भोवती सूज असेल तर थांबू नका. तो अँथ्रॅक्स असू शकतो, लगेच डॉक्टरांकडे जा.

धंद्याने येणारे आजार फक्त आपल्याच मोहल्ल्यात असतात असंही नाही. गायीचं दूध काढणाऱ्यांच्या बोटांवर गाठी येतात. पेशंटच्या तोंडात हात घालणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना आणि नर्सना बोटावर नागिणीच्या कुळातल्या हर्पीसचे फोड येतात. त्यांना कुणी नापाक समजत नाही!

लहान मुलांच्या अंगावर मोत्यासारखे पुटकुळे दिसतात, त्याला मोलस्कम म्हणतात. एका खोलीत सहा जण आणि टॉवेल एक, अशा घरात तो भावंडांत फिरतो. इथे दोष सफाईचा कमी, जागेचा जास्त, असं आम्हाला वाटतं.

दुकानात काम करणाऱ्यांनी काप झाकावा, हातमोजे घालावेत, हात कोरडे करावेत, टॉवेल वेगळा ठेवावा. मस ब्लेडने कापू नये, पसरतो. शाळेचं म्हणाल तर कांजिण्या झालेल्या मुलाला सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी ठेवा. चामखीळ किंवा मोलस्कमसाठी शाळा बुडवायची गरज नाही, आणि अब्बांच्या हातावरच्या मसांसाठी तर मुळीच नाही.