सुट्टी आणि घरांतील मासे

शतपथ ब्राह्मणांतील मनूची कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. सकाळीं हात धुण्यासाठीं घेतलेल्या पाण्यांत एक लहानसा मासा मनूच्या हातीं आला व त्यानें आपलें पालन करण्याविषयीं त्यास विनविलें. मनूनें त्यास प्रथम घटांत ठेविलें, घट अपुरा पडतांच खड्ड्यांत, आणि अखेर समुद्रांत नेऊन सोडिलें. मासे पाळणाऱ्यांचा मूळपुरुष कोण, असें कोणीं विचारिल्यास मी मनूकडेच बोट दाखवीन. मात्र त्या कथेंत मनु मध्येंच चार दिवस परगांवीं गेल्याचा उल्लेख नाहीं. आजच्या गृहस्थास ती अडचण आहे. दिवाणखान्यांत माशांची काचपेटी, आणि मे महिन्यांत सारें कुटुंब गांवीं, अशी स्थिति आतां पुष्कळ घरांत असते.

ह्या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला एका अपराधानें मिळाला आहे. एका उन्हाळ्यांत घरचीं सारीं माणसें कोंकणांत गेलीं व मी एकटा घर राखावयास राहिलों. नातवानें आपले सहा मासे माझ्या स्वाधीन केले आणि "आजोबा, रोज एकदांच चिमूटभर घाला बरं का," असें बजावलें. मी काचेपाशीं गेलों कीं ते सहाही जण लगबगीनें वर येत व तोंडें उघडीत. मला वाटे, बिचारे भुकेले आहेत! मग सकाळच्या चहाबरोबर एक चिमूट, दुपारीं एक आणि निजतांना आणखी एक, असा क्रम सुरू झाला. चौथ्या दिवशीं पाणी दुधाळ दिसूं लागलें. सहाव्या दिवशीं सकाळीं चार मासे पोट वर करून तरंगत होते. नातू परत आल्यावर त्यानें विचारिलें, "आजोबा, तुम्ही त्यांना उपाशी ठेवलंत का?" "नाहीं रे बाळा, जेवूं घालून मारलें," असें उत्तर मला द्यावें लागलें.

ह्याचें कारण मला मागाहून समजलें. आपलें शरीर उष्ण राखण्यांत आपल्या अन्नाचा मोठा भाग खर्च होतो. माशाच्या शरीराची उष्णता बहुधा भोंवतालच्या पाण्याइतकीच असते. म्हणून त्यास थोडें अन्न पुरतें. धडधाकट, पूर्ण वाढलेला मासा आठवडाभर कांहीं न खातां राहूं शकतो. तो काचेशीं येतो, तें पुष्कळदां माणूस दिसला कीं खाणें मिळतें ह्या संवयीनें. उलट न खाल्लेलें खाद्य तळाशीं कुजतें. त्यांतून, तसेंच माशांच्या शरीरांतून, अमोनिया पाण्यांत उतरतो, आणि तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजावर व तळच्या वाळूंत राहणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करितात. नायट्राइटही घातक, नायट्रेट त्या मानानें सौम्य. परंतु ह्या जंतूंवर अकस्मात् तिप्पट भार पडला तर ते पुरे पडत नाहींत. शिवाय कुजण्याच्या क्रियेंत पाण्यांतील प्राणवायु खर्च होतो. त्यांत उन्हाळ्याची भर! २० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहतो. ३० अंशांस तो साडेसातच्या आसपास येतो.

हें रहस्य जुनेंच आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यानें १८४९ मध्यें एका काचपात्रांत दोन गोल्डफिश व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति ठेविली. पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें, तेव्हां त्यानें त्यांत गोगलगायी सोडिल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं व पाणी पुन्हां निवळलें. १८५० मध्यें त्यानें हा अनुभव प्रसिद्ध केला. तात्पर्य, माशांची निगा म्हणजे मुख्यतः पाण्याची निगा.

आतां प्रत्यक्ष व्यवस्थेविषयीं. निघण्यापूर्वीं दोन तीन आठवडे नवा मासा आणूं नये. त्याच्याबरोबर रोग आल्यास तो उघडकीस येईपर्यंत आपण गाडींत बसलेले असतों. दोन तीन दिवस आधीं पाण्याचा चौथा हिस्सा बदलावा. सारी पेटी रिकामी करून घासूनपुसून लख्ख करण्याचा मोह टाळावा, कारण त्यानें उपकारक जंतूच नाहींसे होतात. फिल्टरचा स्पंज नळाखालीं न धरितां पेटींतून काढलेल्या पाण्यांतच पिळून घ्यावा. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन मासे व जंतु ह्या दोघांसही बाधतें. म्हणून नव्या पाण्यांत दुकानांत मिळणारे क्लोरीननाशक थेंब घालावे. पेटीवर ऊन येऊं देऊं नये व झांकण नीट बसवावें. निघतांना घराचा मेन स्विच बंद करण्याची आपली संवय ह्या खेपेस आवरावी! फिल्टर व हवेचा पंप बंद पडले, तर मासे आणि जंतु दोघेही गुदमरतात.

आठवड्याच्या आंतील प्रवास असल्यास वाढलेल्या माशांना कांहीं घालावयास नको. पंधरा दिवसांचा असल्यास शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी; पण खाद्याचा डबा कुलपांत ठेवून, दर तिसऱ्या दिवसासाठीं एक, अशा वैद्याच्या औषधासारख्या लहान पुड्या बांधून त्यांवर तारखा घालाव्या. नुकतीं जन्मलेलीं पिल्लें मात्र ह्यास अपवाद आहेत. त्यांस रोज खाद्य लागतें. सुट्टीसाठीं म्हणून मिळणाऱ्या विरघळत्या वड्यांवर विसंबूं नये, त्यांचा न खाल्लेला भागही पाण्यांतच उरतो. स्वयंचलित यंत्र घेतल्यास तें आठवडाभर आधीं डोळ्यांदेखत चालवून पाहावें. फिल्टर नसलेल्या लहानशा गोल भांड्यांत मासे असतील, तर त्यांस जुनी, चालती पेटी असलेल्या स्नेह्याकडे पोहोंचवावें. मात्र तेथील माशांशीं त्यांचें जमेल कीं नाहीं, हें आधीं विचारून घ्यावें. घट अपुरा पडतांच मनूनेंही जागा बदललीच होती.

शेजाऱ्यांस एवढेंच सांगावें कीं, पुडीपेक्षां त्यांची नजर अधिक मोलाची आहे. मासे पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकीत असतील, पाणी दुधाळ झालें असेल किंवा त्यास दुर्गंध येत असेल, तर खाद्य तत्काळ बंद करावें, थेंब घातलेल्या ताज्या पाण्यानें चौथा हिस्सा बदलावा, व आपणांस फोन करावा.

आपल्या घरांत माया वाढण्यावरून मोजितात. नको नको म्हणतांना पानांत आणखी एक पुरणपोळी पडली नाहीं, तर पाहुणचार अपुरा वाटतो. पण पाहुणा पानावर हात आडवा धरूं शकतो. मासा तसें करूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें "पुरे" म्हणणें हें पाळणाऱ्याचेंच काम आहे.

पुढल्या मे महिन्यांत नातवानें मजजवळ पांच पुड्या मोजून दिल्या आणि डब्याची किल्ली आपल्याबरोबर नेली. मला त्याचा राग आला नाहीं. तो परतला तेव्हां उरलेले दोन्ही मासे काचेपाशीं येऊन तोंडें उघडीत होते.